बसलेल्याला मत नाही

व्यायामशाळा चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या कचेरीत एकही खुर्ची नव्हती. स्टूल नाही, बाक नाही, चुकून बूड टेकावं असा पालथा डबासुद्धा नाही. छातीला लागतील अशी तीन उंच टेबलं होती आणि सगळा कारभार त्यांच्याभोवती उभ्यानं चालायचा. नवा माणूस आत आला की आधी डावीकडे बघायचा, मग उजवीकडे, आणि शेवटी ओशाळून विचारायचा, "रंगकाम काढलंय का?"

रंगकाम नव्हतं हो, तत्त्व होतं. अध्यक्षांचं. अध्यक्ष म्हणजे शहरातल्या सगळ्यात मोठ्या जिमचे मालक. उंच, आणि एवढे रुंद, की दारातून आत येताना जरा तिरके व्हायचे. ते एकदा कुठल्याशा परिषदेला गेले, बसून राहिल्यानं माणूस आतून गंजतो असं ऐकून आले, आणि आल्या आल्या त्यांनी कचेरीतल्या खुर्च्या भंगारात काढल्या. वर संघटनेच्या घटनेत एक कलम घातलं: सभेत बसलेल्या सभासदाला मत नाही. का, तर म्हणे उभ्यानं सभा लवकर आटपतात.

डोंबल आटपतात! थोड्या वेळानं प्रत्येकाच्या पोटऱ्या ठणकायला लागायच्या, पण "आवरा आता" असं आधी म्हणणार कोण? जो म्हणेल त्याच्या पायात दम नाही, हे बाकीच्यांनी गावभर केलं असतं. पोटापाण्याचा प्रश्न होता. त्यामुळे सभा लांबतच जायच्या, आणि कुणी भिंतीला जरा पाठ टेकली की मशीनवाले मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. मशीनवाले म्हणजे घरोघरी ट्रेडमिल विकणारे गृहस्थ, सुतळीसारखे बारीक. त्यांच्या शेजारी डान्सबाई. त्या नाचातून व्यायाम शिकवायच्या आणि सभेतही एका जागी उभ्या नसायच्या, या पायावरून त्या पायावर झुलत असायच्या.

संघटना ना नफा तत्त्वावर चालायची. नफा ज्याचा त्याच्या जिममध्ये. इथं फक्त लोकांना हलवायचं, उठवायचं, चालवायचं, एवढंच पवित्र काम. आणि ते काम प्रत्यक्षात करायची एकच व्यक्ती, संघटनेतली एकुलती एक पगारी नोकर, सेक्रेटरीबाई. पन्नाशीला टेकलेली, चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधणारी. घोषणा तिच्या, फलक तिचे, शाळांतून फिरणं तिचं आणि सभांचं इतिवृत्त उभ्यानं लिहून मनगटाला आलेली कळही तिचीच. शहरातल्या अर्ध्या लिफ्टांवर तिचा स्टिकर होता: 'लिफ्ट कशाला? जिना आहे ना!' खाली एक हसरं पाऊल.

या हसऱ्या पावलानंच घात केला.

तिच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्टवर तिनं तो स्टिकर अगदी पहिल्या दिवशी चिकटवला होता. वडील ऐंशीच्या घरातले, पण काटक. लेकीची आज्ञा म्हणून जिन्यानं उतरले, आणि शेवटच्या पायरीवर पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड छान बसलं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, "आता काही अडचण नाही, चालायला लागा." बाबा घरी आले, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले, आणि बसले ते बसलेच. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही दुसऱ्यानं धरून. त्यापलीकडे एक पाऊल टाकायला तयार नाहीत.

"बाबा, डॉक्टर म्हणाले ना, हाड जुळलंय."

"हाड जुळलं असेल. माझं मन नाही जुळलं."

"असं कसं चालेल?"

"नाहीच चालणार. तेच तर सांगतोय."

असा माणूस! आणि वर रोज एकदा तरी न चुकता, चहाचा कप ठेवता ठेवता, "तुझ्या स्टिकरनं पाडलं हो मला." तिच्या तोंडात मारल्यासारखं व्हायचं.

त्यांच्याकडे दुसरंही कारण होतं, आणि ते जास्त अवघड होतं. बाबा जन्मभर एका नाट्यगृहात डोअरकीपर होते. हातात टॉर्च घेऊन अंधारात लोकांना आपापल्या जागेवर नेऊन बसवायचं, आणि मग पडदा पडेपर्यंत दाराशी उभं राहायचं. "चाळीस वर्षं लोकांना बसवलं," ते म्हणायचे, "आता माझी पाळी." लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची. डोअरकीपरच्या मुलीला तिकीट कुठलं आणि जागा कुठली. बापलेक दाराशी उभे राहून नाटक बघायचे. एखादी खुर्ची रिकामी दिसली तरी बाबा तिला बसू द्यायचे नाहीत. जागा तिकिटाच्या माणसाची, तो उशिरा आला तरी त्याचीच. ती उभ्या उभ्या पेंगायची आणि बाबा तिच्या खांद्याला धरून ठेवायचे.

दूर देशी राहणारा धाकटा भाऊ रोज फोनवर चेहरा दाखवायचा. त्याला तिथून सगळं सोपं दिसायचं. "ताई, तू त्यांना लाडावून ठेवलंयस." मग एके दिवशी तो म्हणाला, "मी महिनाअखेरीला येतोय. चालत असले तर तुझ्याकडे राहू देत. नसले तर त्यांना देखभाल केंद्रात ठेवू. मी जागा बघून ठेवलीय. तू एकटी किती दिवस उचलणार त्यांना?"

त्याचं चूक नव्हतं, तिथंच तर पंचाईत होती. तिची कंबर गेली होती, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता पायांत ताकद आहे, अजून महिनाभर बसले तर तीही जाईल, मग कायमची खुर्ची. केंद्राचं नाव काढलं की बाबा खिडकीकडे तोंड करायचे. तिला ते बघवत नव्हतं. बाबांना घालवून आपण या घरात राहायचं आणि रोज त्या स्टिकरसमोरून जायचं, या विचारानं तिची झोप उडाली होती.

बरं, उपाय करून झाले नव्हते असं नाही. अख्खी संघटना करून झाली होती! सेक्रेटरीबाईचे वडील उठत नाहीत म्हटल्यावर एकेका सभासदाला स्फुरण चढलं. म्हाताऱ्याला कोण उठवतो याची पैजच लागली म्हणा ना. आधी अध्यक्ष आले. त्यांनी "चला काका!" म्हणून बाबांना काखेत धरलं आणि कपाट उभं करावं तसं सरळ उभं केलं. बाबांनी अंग सोडून दिलं. "सोडू का?" अध्यक्षांनी विचारलं. "सोडून बघा," बाबा म्हणाले. अध्यक्षांची हिंमत झाली नाही, त्यांनी निमूट परत ठेवलं. मग मशीनवाल्यांनी एक छोटी ट्रेडमिल आणून हॉलमध्ये मांडली. तिच्यावर आता टॉवेल वाळत असतात. डान्सबाईंनी गाणी लावली, गिरक्या घेतल्या, घामाघूम झाल्या. बाबांनी डोळे मिटून एका बोटानं ठेका धरला आणि गाणं संपल्यावर म्हणाले, "छान. माझा व्यायाम झाला."

यात महिना सरत आला. आणि इकडे संघटनेचा वर्षाचा मोठा दिवस तोंडावर आला: 'चालता रविवार'. त्या दिवशी मैदानापासून बागेपर्यंतचा मोठा रस्ता गाड्यांना बंद आणि माणसांना मोकळा. पण मोकळ्या रस्त्यावर करायचं काय, यावर तीन सभा झाल्या होत्या आणि तिन्ही उभ्यानं फुकट गेल्या होत्या. मशीनवाल्यांना शर्यत हवी होती, डान्सबाईंना चौकाचौकांत नाच, अध्यक्षांना मध्यभागी वजन उचलण्याचा मांडव. मत असलेले सभासद तीनच, आणि बाजूही तीन. शेवटची सभा गुरुवारी ठरली, आणि गुरुवारी दुपारी बाबांकडे बघणाऱ्या बाईंचा फोन आला की त्यांच्या मुलाला ताप आहे.

सेक्रेटरीबाईनं अध्यक्षांना कळवलं, मला घर सोडता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "त्यात काय, आम्हीच तुमच्याकडे येतो. आपल्याला लागतं काय? खुर्च्या तर लागतच नाहीत!" आणि स्वतःच्या विनोदावर फोनमध्ये गडगडाटी हसले.

संध्याकाळी तिघं आले. हॉल लहानसा. एका बाजूला टॉवेल घातलेली ट्रेडमिल, खिडकीपाशी आरामखुर्चीत बाबा, आणि मध्ये जी काही जमीन उरली तीत अध्यक्ष, मशीनवाले आणि डान्सबाई उभे. सेक्रेटरीबाई फ्रिजवर वही ठेवून लिहायला उभी. चार खुर्च्या होत्या घरात, त्या आत स्वयंपाकघरात टेबलाभोवती.

"या, या. बसा," बाबा म्हणाले.

"नको काका, आम्ही उभेच बरे," अध्यक्ष म्हणाले आणि विषयाला हात घातला. मशीनवाले शर्यतीचे फायदे सांगायला लागले.

थोडा वेळ गेला. बाबांची चुळबूळ सुरू झाली. "अहो, पण बसा ना."

"आमच्या सभेत बसत नाहीत," डान्सबाई गोड हसून म्हणाल्या.

"का? मूळव्याध आहे का सगळ्यांना?"

"बाबा!" सेक्रेटरीबाई फ्रिजमागून ओरडली. "त्यांचा नियम आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

पण ज्या माणसानं आयुष्यभर उभ्या माणसांना जागेवर बसवलं, त्याच्यासमोर तीन माणसं उभी राहून भांडताहेत, तीही त्याच्याच घरात! त्यांचा हात आपोआप मांडीवर काहीतरी शोधायला लागला. टॉर्च शोधत होता, बिचारा. अध्यक्ष वजनाच्या मांडवाचं वर्णन करताना हात पसरायचे, आणि त्यांच्यामागे डान्सबाई झाकून जायच्या.

"मागच्या बाईंना काही दिसत नाहीये," बाबा म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. "अहो उंच गृहस्थ! तुम्ही मागे व्हा. तुमच्यासारख्यांची जागा शेवटच्या रांगेत असते." तरी लक्ष नाही. आवाज चढले. मशीनवाले अध्यक्षांना म्हणाले तुमचं वजन तुम्हीच उचला, डान्सबाई मशीनवाल्यांना म्हणाल्या तुमच्या मशीनवर टॉवेल वाळतात ते बघा आधी, आणि सेक्रेटरीबाईला हे सगळं लिहावं की नाही ते कळेना.

"ए, अगं खुर्च्या आण!" बाबा गरजले. "माझ्या घरात आलेलं माणूस उभं राहणार नाही!"

आता तिचं डोकं फिरलं. चार रात्रींची झोप नाही, कंबर मोडलेली, परवा भाऊ येणार, समोर ही तीन धुडं कचाकचा भांडताहेत, आणि यांना पाहुणचार सुचतोय. तिनं पेन वहीवर आपटलं.

"मी नाही आणणार! तुम्हाला एवढं वाटतं ना, तर उठा आणि तुम्हीच आणा!"

तिच्या तोंडून निघून गेलं होतं. आजारी बापाला, तेही चार लोकांत! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती "बाबा..." म्हणून पुढे आली, तर बाबांनी तिला हातानंच थांबवलं.

त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे रोवले. दात आवळले. अंग पुढे झुकवलं, थरथरत अर्धे वर आले, परत खाली गेले. मग तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी दिली. कुणाला कोण जाणे. आणि उभे राहिले.

त्या हॉलमध्ये माणसांना उठवण्याच्या धंद्यातली चार माणसं होती, आणि चौघांपैकी एकाचाही हात लागला नव्हता. अध्यक्ष सवयीनं "पाठ सरळ..." म्हणायला गेले, तर डान्सबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बाबांनी ट्रेडमिलचा दांडा धरला, टॉवेल खाली पाडला, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. अध्यक्ष मुकाट्यानं त्यांच्यामागे गेले आणि जिममध्ये वजन उचलणाऱ्याच्या मागे उभे राहतात तसे दोन्ही हात पसरून, अंगाला न लावता, एकेक पाऊल सरकू लागले. पहाडासारखा माणूस, पण मांजरीच्या पावलांनी. भिंत धरत धरत दोघं स्वयंपाकघरात दिसेनासे झाले.

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सेक्रेटरीबाई जागची हलली नाही. हलली तर सगळं मोडेल असं तिला वाटत होतं.

बाबा खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून, तिला पुढे ढकलत, तिच्याच आधारानं बाहेर आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर मात्र रागच. त्यांनी खुर्ची डान्सबाईंपुढे थांबवली. "इथे. पुढची रांग."

डान्सबाई बसल्या. बाबा पुन्हा आत गेले. दुसरी खुर्ची मशीनवाल्यांची. "तुम्ही कडेला. तुम्ही मध्येच उठून जाणाऱ्यांतले दिसता." तिसरी खुर्ची आणायला त्यांना जरा वेळ लागला, मध्ये दाराशी थांबून श्वास घेतला. ती त्यांनी थेट मागच्या भिंतीला लावली. "उंच गृहस्थ, शेवटची रांग. बसा."

अध्यक्ष घुटमळले. हे कलम त्यांचंच. इतकी वर्षं सभेत कधी बसले नव्हते. पण ऐंशी वर्षांच्या माणसानं मोडल्या पायानं ओढत आणलेली खुर्ची! ते हळूच बसले. आणि बसल्या बसल्या त्यांच्या तोंडून इतक्या खोलवरून "आ...हाहा" असं निघालं, की सगळे वळून बघायला लागले. "गुडघे," ते लाजून म्हणाले. "दोन वर्षं झाली. कुणाला सांगू नका."

"माझ्या टाचा," मशीनवाले पुटपुटले.

"तुम्हाला काय वाटतं, मी सभेत हौसेनं झुलते?" डान्सबाई म्हणाल्या.

"हां," बाबा आरामखुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "आता करा सुरू."

सुरू काय करणार? सेक्रेटरीबाईनं वही उघडली आणि तिच्या लक्षात आलं. "अध्यक्ष, सभा पुढे नेता येत नाही. बसलेल्याला मत नाही. तिघंही बसलाय."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. उठायला कुणी तयार नव्हतं. जो उठला असता त्याचा ठराव बिनविरोध झाला असता, तरीही नाही. अध्यक्षांनी पाय पसरले होते.

"मी उभा आहे," बाबा म्हणाले. "माझं मत घ्या."

"काका, तुम्ही सभासद नाही."

"मानद सभासद नेमायचा अधिकार अध्यक्षांना आहे," सेक्रेटरीबाई म्हणाली. "त्याला मतदान लागत नाही."

"नेमला," अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले. "बोला काका. रस्त्यावर काय करायचं?"

"खुर्च्या ठेवा."

"काय?" अध्यक्षांचे डोळे उघडले. "अहो, आमची संघटना बसण्याच्या विरोधात आहे!"

"म्हणून तर माझ्यासारखा माणूस घराबाहेर पडत नाही." बाबांचा आवाज आता खाली आला होता. ते बोलत होते अध्यक्षांशी, पण बघत होते लेकीकडे. "तुम्हाला वाटतं मी आळशी आहे, हट्टी आहे. मला भीती वाटते हो. चालायची नाही. चालता चालता मध्येच पाय थरथरले तर टेकायचं कुठं, याची. त्या दिवशी जिन्यात मी दमलो होतो. मधल्या वळणावर जरा बसायला काही असतं तर बसलो असतो, आणि मग आरामात उतरलो असतो. तसाच उतरत राहिलो आणि पडलो. स्टिकरचा काही दोष नव्हता. मी आपला भीतीच्या मारे तुझ्यावर ढकलत होतो, पोरी."

ती फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. वहीवर काय लिहिलं ते तिला दिसत नव्हतं, आणि या खेपेला चष्मा डोळ्यांवरच होता.

ठराव झाला. उभ्या असलेल्या सर्व सभासदांनी, म्हणजे बाबांनी, एकमतानं तो मंजूर केला: मैदानापासून बागेपर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर, खुर्च्या. मशीनवाले म्हणाले माझ्या दुकानातल्या आणतो. अध्यक्षांनी भंगारवाल्याकडे चौकशी करायचं कबूल केलं. जाताना ते बाबांच्या पाया पडायला वाकले आणि गुडघ्यामुळे त्यांना वर येता येईना, तेव्हा बाबांनीच त्यांना हात दिला.

शनिवारी धाकटा आला, केंद्राची माहितीपत्रकं घेऊन. बाबांनी दार उघडलं. स्वतः. हातात स्वयंपाकघरातली खुर्ची, तिलाच धरून आलेले. "ये," ते म्हणाले, "पण पत्रकं बाहेर ठेव, आत जागा नाही." धाकट्याच्या आ वासलेल्या तोंडाचा फोटो ताईनं काढून ठेवलाय.

रविवारी सकाळी रस्ता माणसांनी फुलला. आणि काय सांगू, असली माणसं याआधी 'चालत्या रविवारी' कधीच आली नव्हती. काठीवाल्या आजीबाई, पोट पुढे आलेल्या गरोदर बायका, दम लागणारे काका, नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. खुर्ची दिसली की लोक पुढच्या खुर्चीपर्यंत जायला तयार व्हायचे. कुठली खुर्ची ऑफिसातली, कुठली चाकाची, एक तर न्हाव्याच्या दुकानातली गोल फिरणारी. तिच्यावर डान्सबाईंच्या शिष्या गिरक्या घेत होत्या.

बाबा काठी घेऊन निघाले. एका बाजूला धाकटा, मागे हात पसरून अध्यक्ष, अंगाला न लावता. पहिली खुर्ची आली. धाकटा म्हणाला, "बसा जरा." बाबांनी खुर्चीच्या पाठीवर नुसती थाप मारली, आहे ना म्हणून खात्री केली, आणि पुढे निघाले. दुसरीवर थाप. तिसरीपाशी पाय थरथरले, तिथं जरा टेकले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. त्यापुढे एकाही खुर्चीत बसले नाहीत. हात मात्र प्रत्येकीला लावला.

शेवटची खुर्ची बागेच्या फाटकाशी होती. तिच्या शेजारी सेक्रेटरीबाई उभी होती, पहाटेपासून, नेहमीसारखी. बाबांना येताना बघून तिनं खुर्ची रुमालानं पुसली. "बसा बाबा. पोचलात."

बाबांनी धाप टाकत खुर्चीची पाठ धरली. खिशात हात घातला आणि जुनी टॉर्च बाहेर काढली. भर उन्हात ती पेटवली, आणि प्रकाश खुर्चीच्या बैठकीवर टाकला. काही दिसलं नाही म्हणा. उजेडात टॉर्च काय दिसणार?

"बस," ते म्हणाले.

"मी? अहो, तुम्ही इतके चालून आलात..."

"लहानपणी दाराशी उभी करून ठेवलं तुला. रिकाम्या खुर्च्या असून. नियम म्हणे!" त्यांनी टॉर्च बैठकीवर हलवली. "पाय दुखायचे तुझे. मला दिसायचं. बस, पोरी. ही तुझी जागा आहे."

ती बसली. इतक्या वर्षांचे पाय होते ते. बसल्याबरोबर तिला रडूच फुटलं, रस्त्यावर, सगळ्यांसमोर, अगदी लहान मुलीसारखं. बाबा तिच्या खांद्याला धरून उभे राहिले.

मागून अध्यक्षांचा आवाज आला, "सेक्रेटरीबाई! बसलेल्याला मत नाही बरं का!"

बाबांनी मान वळवली आणि टॉर्च त्यांच्या तोंडावर मारली.

"शेवटच्या रांगेत बोलू नका," ते म्हणाले. "प्रयोग चालू आहे."